‘येस’ म्हणायचं की ‘नो’? सुझौमधली शिकवणी

चिनी भाषेत ‘हो’साठी असा एकच शब्द नाही. प्रश्नातलं क्रियापद उचलायचं आणि तेच परत द्यायचं, की झाला होकार. ‘छ्यू मा?’ म्हणजे जाणार का? उत्तर ‘छ्यू’, जाणार. ‘यौ मा?’ म्हणजे आहे का? उत्तर ‘यौ’, आहे. नकार द्यायचा तर त्याच क्रियापदाआधी ‘बू’ किंवा ‘मेइ’ लावायचं. हे माझ्या जिभेवर लवकर बसलं, कारण आपण घरात असंच बोलतो. ‘जेवलात का?’ला ‘जेवलो’ हे उत्तर येतं. नुसतं ‘हो’ आलं तर विचारणाऱ्याला वाटतं, या माणसाला बोलायचं नाहीये. इथली जुनी माणसंही भेटल्यावर ‘छ्र ल मा?’ असंच विचारतात, म्हणजे जेवलात का. वाक्याच्या शेवटी येणारा तो ‘मा’ अगदी आपल्या ‘का’च्या जागी बसलेला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सुझौला आलो. शांघायहून वेगवान रेल्वेनं अर्ध्या तासावर असलेलं हे शहर कालवे, जुन्या बागा आणि रेशीम यांसाठी ओळखलं जातं. आम्ही राहतो तो भाग मात्र नवा, १९९४ पासून सिंगापूरच्या भागीदारीत उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीतला. रुंद रस्ते, जिनजी तलाव आणि भोवती उंच इमारतींच्या सोसायट्या. सांगलीत मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवत होते. माझ्या इथल्या व्हिसावर नोकरी करता येत नाही; पण संध्याकाळी खाली बागेत शेजाऱ्यांशी गप्पा मारायला कुणाची ना नसते. त्यांनी मला चिनी शिकवायचं, मी त्यांना इंग्रजी, असं ठरलं.

नेमानं येणारे तिघं. वरच्या मजल्यावरच्या आयी, रेशीम गिरणीत हिशेबाचं काम करून निवृत्त झालेल्या. ‘आयी’ ही आपल्या मावशी-काकूसारखी हाक, वयानं मोठ्या बाईला इथं तीच मारतात. मराठी कानाला ती फार जवळची वाटते. दुसरी एक तरुणी, जर्मन कंपनीतल्या नोकरीसाठी तयारी करणारी. तिसरे शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळी सोसायटी ‘लाओशी’ म्हणते, म्हणजे सर. आयींच्या शाळेत इंग्रजीचं पहिलं वाक्य होतं ‘लाँग लिव्ह चेअरमन माओ’. त्यापुढे त्यांचं इंग्रजी फारसं गेलं नव्हतं. तरुणीचं व्याकरण माझ्या कॉलेजातल्या बहुतेक मुलांपेक्षा पक्कं होतं.

आमच्या आधीच्या काही बैठका फळं, हवामान, भाजीबाजार यांवर गेल्या. ‘येस’ हा विषय होऊ शकतो हे आयींमुळे कळलं. जूनमध्ये इथं ड्रॅगन बोटींचा सण असतो. तेव्हा चिकट तांदळाचे त्सोंगत्स करतात, पानात बांधून उकडलेले, आणि या भागात त्यात सर्रास डुकराचं मांस घालतात. आयींनी इंग्रजीत मला विचारलं, ‘‘यू डोन्ट ईट मीट?’’ मी म्हटलं, ‘‘नो.’’ दुसऱ्या दिवशी त्या गरमागरम, मांस भरलेले त्सोंगत्स घेऊन दारात उभ्या. मी मांस खात नाही असं चिनीत सांगितल्यावर त्या गोंधळल्या. ‘‘मग काल ‘नो’ का म्हणालीस?’’

त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांनी म्हटलं, ‘तू मांस खात नाहीस’. मी म्हटलं, ‘नाही’, म्हणजे तुमचं म्हणणं चूक. म्हणजे मी खाते. संध्याकाळी त्यांनी लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलेले त्सोंगत्स आणून दिले, आणि ‘हे प्रकरण काय ते मला नीट समजावून सांग’ असं बजावलं.

प्रकरण असं आहे. चिनी माणूस होकार देतो तेव्हा बहुतेक वेळा ‘दुइ’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर’. हे ‘बरोबर’ समोरच्याच्या बोलण्याला असतं. ‘तू मांस खात नाहीस ना?’ ‘दुइ, बू छ्र.’ बरोबर, नाही खात. समोरचा चुकत असेल तर ‘बू’ म्हणून पुढे खरं काय ते सांगायचं. इंग्रजी ‘येस’ला समोरच्याच्या बोलण्याशी काही घेणंदेणं नाही. प्रत्यक्षात मांस खाता ना? मग ‘येस’. खात नाही? मग ‘नो’. विचारणाऱ्यानं प्रश्न उलटा विचारला काय, सुलटा विचारला काय, उत्तर तेच. प्रश्न होकारार्थी असतो तोवर ‘दुइ’ आणि ‘येस’ एकाच जागी पडतात, म्हणून कित्येक वर्षं कुणाच्या काही लक्षात येत नाही. प्रश्नात नकार शिरला की दोघांच्या वाटा फुटतात.

मराठीत आपण दोन्हीकडे ये-जा करतो. ‘मटण खात नाही का तुम्ही?’ याला ‘हो, नाही खात’ हेही ऐकू येतं आणि ‘नाही, नाही खात’ हेही. समोरच्याचा समज खोडायचा असेल तर आपल्याकडे ‘की’ आहे. ‘खातो की!’ या एका अक्षरात सगळं येतं. त्यामुळे मला चिनी लोकांची अडचण आतून कळली. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांना ती बहुधा बाहेरून समजून घ्यावी लागत असेल.

तरुणीला हा नियम तोंडपाठ होता. २००१ पासून चीनमध्ये प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून इंग्रजी शिकवतात, आणि काओखाओ या देशभरातल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत त्याला आज १५० गुण आहेत. नकारार्थी प्रश्नाची उत्तरं हा तिथला ठरलेला भाग. पुस्तकात असं सांगतात: उत्तर वस्तुस्थितीप्रमाणे द्यायचं, आणि अशा प्रश्नाचं भाषांतर करताना ‘येस’चा अर्थ ‘नाही’ आणि ‘नो’चा अर्थ ‘हो’ असा लावायचा. तिनं मला वहीत तक्ता काढून दाखवला, चार रकाने, बाणांसकट. मी कागदावर प्रश्न लिहून दिले, तिनं सगळे बरोबर सोडवले. मग आम्ही फाटकाकडे निघालो. आभाळ भरून आलं होतं. मी सहज विचारलं, ‘‘यू डिडन्ट ब्रिंग युवर अम्ब्रेला?’’ ती म्हणाली, ‘‘येस.’’ हात रिकामे होते.

या एका ‘येस’मुळे माझं शिकवणं बदललं. तक्ता तिला यायचा, पण तक्ता वापरायला वेळ लागतो. आधी प्रश्नात नकार आहे हे टिपायचं, मग वस्तुस्थिती आठवायची, मग आपल्या भाषेतलं उत्तर उलटं करायचं. बोलताना एवढी सवड नसते. उत्तराचा पहिला शब्द विचाराच्या आधी तोंडातून निघतो, आणि तो लहानपणापासूनच्या सवयीतून येतो. कागदावर पूर्ण गुण मिळवणारी मुलगी दारात उभ्या माणसाला उलट उत्तर देते, ते याच कारणानं. ज्या वर्गात सगळी परीक्षा लेखी असते तिथं ही गोष्ट कधी उघडकीलाच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एवढ्यात आयींची सिडनीला जायची वेळ आली. मुलगी तिथं असते, तिला दिवस गेले होते. बाळंतपणानंतरचा महिना इथं फार कडक पाळतात. त्याला ‘त्स्वो युएत्स’ म्हणतात, शब्दशः ‘महिना बसणं’. बाळंतिणीनं गार पाण्याला हात लावायचा नाही, डोकं आणि कान झाकायचे, वाऱ्यात जायचं नाही, पचायला हलकं आणि गरम खायचं. मी आपल्याकडच्या सव्वा महिन्याबद्दल, शेक-शेगडीबद्दल, डिंकाच्या लाडवांबद्दल सांगितलं तेव्हा आयींनी लाडवांची कृती लिहून घेतली. त्या मुलीसाठी नेणार होत्या लाल साखर, म्हणजे आपल्या गुळाच्या जवळची, सुकवलेली लाल बोरं (आपल्या बोराच्याच कुळातली, पण खारकेएवढी; इंग्रजीत त्यांनाही ‘डेट्स’ म्हणतात) आणि घरच्या बागेतल्या पारिजातकासारख्या नाजूक, सोनेरी ‘ग्वेइह्वा’ फुलांचा मुरांबा. अंडी आणि सुकवलेलं मांस न्यायचं नाही, हे मुलीनं बजावून सांगितलं होतं.

ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याच्या वस्तूंबाबत नियम कडक आहेत. विमानात एक कार्ड भरून द्यायचं, त्यात मांस, अंडी, दुधाचे पदार्थ, फळं, बिया वगैरे आणलं आहे का याला ‘हो’ किंवा ‘नाही’च्या चौकोनात खूण करायची. खरं सांगितलं की ते वस्तू तपासतात. ठेवण्यासारखी नसेल तर काढून घेतात, पण दंड करत नाहीत. लपवलं तर दंड आहे, तोही मोठा. कार्ड चिनीतही मिळतं आणि त्यातले प्रश्न होकारार्थी असतात, त्यामुळे त्याची भीती नव्हती. भीती होती काउंटरवरच्या बोलण्याची. सरांचा मुलगा तिकडून जाऊन आला होता. त्यानं सांगितलं, अधिकारी कार्डावर नजर टाकतो आणि घाईघाईत म्हणतो, ‘‘नो मीट? नो एग्ज? नथिंग लाइक दॅट?’’ याला चिनी माणसाच्या तोंडून हमखास ‘येस’ निघणार. बरोबर, नाही आणलं. आणि अधिकारी ऐकणार: हो, आणलंय.

मी आयींना आधी उलटापालटीचाच सराव दिला. प्रश्नात ‘नॉट’ किंवा ‘नो’ ऐकू आलं की मनातलं उत्तर फिरवायचं. आठवडाभर हे चाललं आणि त्याचा परिणाम विचित्र झाला. त्या साध्या प्रश्नांनाही अडखळू लागल्या. ‘‘डू यू लाइक टी?’’ विचारलं तर डोंगतिंगच्या डोंगरावरचा हिरवा चहा जिवापाड आवडणारी ही बाई ‘‘नो… येस… नो?’’ म्हणून माझ्याकडे बघायची. जे यायचं तेही डळमळीत झालं. तिथंच मी हा मार्ग सोडला.

पुढचं सुचलं ते त्यांच्याच भाषेतून. क्रियापदानं उत्तर द्यायची सवय त्यांना जन्मापासून आहे. सुझौच्या स्थानिक बोलीत तर प्रश्न विचारतानाच क्रियापदाच्या आधी एक छोटा ‘अ’ लावतात, आणि उत्तर पुन्हा त्याच क्रियापदानं देतात. मग इंग्रजीतही ‘येस’ आणि ‘नो’ दोन्ही बाजूला ठेवायचे. आहे तर ‘आय हॅव’, नाही तर ‘आय डोन्ट हॅव’. खाते तर ‘आय ईट’, नाही तर ‘आय डोन्ट ईट’. प्रश्न कसाही येवो, या वाक्याचा उलटा अर्थ कुणाला काढता येत नाही. चोखंदळ इंग्रजीत इथं ‘आय डू’, ‘आय डोन्ट’ असं लहान उत्तर देतात, तेही मी दाखवलं; पण ‘डू’ हा शब्द आयींना पोकळ वाटायचा, त्यात हाताला काही लागत नाही असं त्या म्हणायच्या. मी हट्ट धरला नाही. साठीकडे झुकलेल्या, पहिल्यांदाच एकटीनं परदेशी निघालेल्या बाईला ‘आय हॅव’ पुरेसं आहे, असं मला आजही वाटतं.

बागेतल्या दगडी टेबलापाशी आम्ही विमानतळ मांडला. सर अधिकारी झाले आणि त्यांनी ते काम मनापासून केलं. कधी ‘‘एनी फूड?’’ कधी ‘‘नो फूड?’’ कधी ‘‘यू डोन्ट हॅव एनी फ्रूट, डू यू?’’ आवाज कधी मोठा, कधी तोंडातल्या तोंडात. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आयी तोंडानं ‘‘आय डोन्ट हॅव’’ म्हणायच्या आणि मान होकाराची हलवायच्या. शब्द सुधारला तरी मान अजून ‘दुइ’च म्हणत होती. मग ठरलं, मान स्थिर ठेवायची आणि वस्तूवर बोट ठेवायचं. ‘‘मीट, आय डोन्ट हॅव. डेट्स, आय हॅव.’’ पिशवी उघडून बोरं दाखवायची. व्याकरणाच्या पेपरात या वाक्याला लाल रेघ बसेल. शब्दांचा क्रम चिनी आहे, मराठीही आहे. पण ऐकणाऱ्याला त्यात शंका उरत नाही.

तरुणीची गरज वेगळी होती. तिच्या मुलाखती फोनवर, व्हिडिओवर व्हायच्या. चिनी माणूस फोनवर ऐकताना सतत ‘दुइ दुइ दुइ’, ‘अं अं’ करत असतो, जसं आपण ‘हो हो’, ‘हं, हं’ करतो. म्हणजे ऐकतोय, बोला. तेच ती इंग्रजीत ‘‘येस, येस, येस’’ करायची. सराव म्हणून मी विचारलं, ‘‘सो यू हॅव लेड अ टीम ऑफ टेन?’’ आणि तिनं ‘‘येस, येस’’ म्हटलं. मी थांबून विचारलं, दहा जणांचा गट खरंच सांभाळलास? ती दचकली. तिनं फक्त ऐकल्याची पावती दिली होती, पण पलीकडच्यानं ती तिच्या अनुभवाच्या रकान्यात लिहून घेतली असती. इथं मी कडक राहिले. ऐकताना ‘राइट’, ‘ओके’, ‘आय सी’. आणि ‘येस’ तेव्हाच, जेव्हा त्याच्यापुढे पूर्ण वाक्य जोडता येईल. तिला हे फार पटकन जमलं, कारण यात उलटापालट नव्हती, फक्त एक शब्द जपून वापरायचा होता.

सरांना मात्र नियमापेक्षा कारण हवं होतं. इंग्रजांनी असं का केलं, हे ते पुन्हा पुन्हा विचारायचे. मला माहीत होतं ते सांगितलं. पूर्वी इंग्रजीत चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’. नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. म्हणजे ‘येस’ हा मुळात समोरच्याचा नकार खोडणारा शब्द, आपल्या ‘खातो की!’मधल्या ‘की’चं काम करणारा. सोळाव्या शतकातच हा भेद पुसट व्हायला लागला होता. विल्यम टिंडल यानं बायबलच्या आपल्या भाषांतरात ‘तू संदेष्टा आहेस का?’ या साध्या प्रश्नाला ‘नो’ असं उत्तर दिलं, तिथं ‘ने’ हवं होतं म्हणून १५३२ मध्ये थॉमस मोर यानं त्याला धारेवर धरलं. पुढे ‘ये’ आणि ‘ने’ मागे पडले आणि उरलेल्या दोघांवर चौघांचं काम पडलं. फ्रेंचमध्ये खोडून काढणारा ‘सी’ अजून आहे, जर्मनमध्ये ‘डॉख’ आहे. तरुणी जर्मन शिकत होती. ती म्हणाली, ‘‘डॉख मला पहिल्या दिवशीच कळला होता, इंग्रजीचंच कळेना.’’ सर बराच वेळ हिशेब मांडत बसले आणि मग म्हणाले, ‘‘म्हणजे आमची मुलं जिथं अडखळतात, तिथं इंग्रजांचे पंडितही भांडले होते.’’ त्यानंतर त्यांनी हा नियम मुलांना शिकवताना चिडायचं नाही असं ठरवलं. त्यांचा नातू आठवीत आहे.

आयी ऑक्टोबरमध्ये गेल्या, खाली ग्वेइह्वा फुलायला लागला तेव्हा. उतरल्यावर वीचॅटवर लांबलचक आवाजी निरोप आला. काउंटरवरच्या बाईनं खरंच ‘‘नो मीट, नो एग्ज?’’ असं विचारलं. आयींनी ‘‘मीट, आय डोन्ट हॅव. एग्ज, आय डोन्ट हॅव. डेट्स, आय हॅव,’’ असं म्हणून पिशवी पुढे केली. बोरं, मुरांबा, साखर, सगळं उघडून पाहिलं गेलं आणि त्या बाहेर पडल्या. निरोपात त्यांनी ते संभाषण दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

घरी गोष्ट एवढी सरळ गेली नाही. तिकडे बाळंतपणानंतर परिचारिका घरी येऊन बाळबाळंतीण पाहून जाते. मुलगी झोपली होती. परिचारिकेनं आयींना विचारलं, ‘‘शी हॅजन्ट हॅड एनी फीव्हर?’’ दमलेल्या आयी म्हणाल्या, ‘‘येस.’’ बरोबर, नाही आला. परिचारिकेनं लगेच थर्मामीटर काढला आणि ताप कधीपासून, किती, अशी चौकशी सुरू केली. मुलगी उठून आली तेव्हा उलगडा झाला. आयींनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्यांना मुलीलाही एक गोष्ट सांगायला लावली: दवाखान्यात दुभाषा मागायला संकोच करू नका, तिकडच्या सरकारी रुग्णालयात तो फुकट मिळतो. विमानतळावर फार तर बोरं गेली असती. औषधाची ॲलर्जी नाही ना, उपाशीपोटी आलात ना, असे प्रश्न मात्र चुकून चालत नाहीत, आणि दवाखान्यात नेमके हेच प्रश्न नकारातून विचारतात.

आता मी विचारण्याचाही सराव घेते. चिनी बोलताना ‘जाणार नाहीस का?’ असं विचारणं सौम्य वाटतं, मराठीतही वाटतं, म्हणून आमची मंडळी इंग्रजीतही नकारातूनच विचारतात आणि मग आलेल्या उत्तराचा अर्थ लावत बसतात. ‘‘आर यू कमिंग?’’ एवढंच विचारायचं, असं मी सांगते. आणि उत्तर कळलं नाही तर क्रियापदासकट पुन्हा विचारायचं: ‘‘सो यू आर कमिंग?’’

‘‘यू आर नॉट टायर्ड, आर यू?’’ या शेपटीच्या प्रश्नांवर आमचं अजून अडलेलं आहे. सरांच्या मते ती शेपटी कापून टाकावी. तरुणीला ती मुलाखतीत ऐकून समजायला हवी आहे, म्हणून ती रोज दोन-चार वाक्यं आणते. गेल्या आठवड्यात आयींचा निरोप आला: शेजारची बाई बाळाला बघून म्हणाली, ‘‘इजन्ट ही लव्हली?’’ आता यात ‘नॉट’ आहे, मग काय म्हणू? मी उत्तर पाठवलं: हा प्रश्नच नाही, कौतुक आहे, इथं बिनधास्त ‘येस’ म्हणा. पुढे ‘ही इज’ जोडा. आणि पाहुणे बाळाचं कौतुक करतात तेव्हा ‘नाही नाही, कुठलं काय’ म्हणायची आपली दोघींकडची रीत तिकडे चालवू नका, तिथं ती खरी मानतील.